एकटीने अँटिग्वाला: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच गावाबद्दल होती: ग्वाटेमालातलं अँटिग्वा. तिथे स्पॅनिश शिकायला, ज्वालामुखी पाहायला किंवा नुसतं राहायला एकट्या जाणाऱ्या मराठी मुली आणि बायका वाढल्या आहेत, हे पत्रांवरूनच दिसतं. गाव १५४३ साली वसलं. २९ जुलै १७७३ च्या भूकंपात ते कोसळलं, १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीला हलली आणि मागे राहिलेल्या गावाला ‘जुनी’ या अर्थाचं अँटिग्वा हे नाव चिकटलं. सुरुवातीलाच एक सांगतो. कॅरिबियन समुद्रात अँटिग्वा नावाचं एक बेटही आहे. तिकीट काढताना विमानतळाचा कोड ‘जीयूए’ आहे ना, आणि खोली घेताना पत्त्यात ग्वाटेमाला लिहिलंय ना, ते तपासा.

“फेब्रुवारीत तीन आठवडे एकटी जाते आहे. एक मैत्रीण म्हणते, अँटिग्वा अगदी सुरक्षित. दुसरी म्हणते, ग्वाटेमालाचं नावच काढू नकोस. कुणाचं खरं मानू?” (पुणे)

दोघींचंही खरं आहे, फक्त त्या वेगवेगळ्या वेळांबद्दल आणि वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल बोलताहेत. भर दिवसा अँटिग्वाच्या मध्यभागात एकटं फिरणं अवघड नाही. गाव लहान आहे, या टोकाहून त्या टोकाला वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येतं. पर्यटनावर पोट असल्यामुळे रस्त्यावर पोलीसही असतात. धोका असतो तो गावाबाहेर पडणाऱ्या वाटांवर आणि अंधार पडल्यावर. म्हणून गावाबद्दल भीती बाळगण्यापेक्षा कोणत्या वेळी कोणत्या रस्त्यावर असणार आहात, ते आधी ठरवा.

गावाची रचना पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा, म्हणजे चौकात उभं राहून फोन काढावा लागणार नाही. ‘काये’ म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ता, ‘आवेनीदा’ म्हणजे उत्तर-दक्षिण. मध्यावर पार्के सेंत्राल हा मुख्य चौक. तिथून पुढे रस्त्याच्या नावाला नोर्ते, सुर, ओरिएंते, पोनिएंते, म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, अशी शेपटी लागते. ही शेपटी विसरलात तर घोटाळा नक्की: ४ काये ओरिएंते आणि ४ काये पोनिएंते ही गावाची दोन विरुद्ध टोकं आहेत. दिशा कळायला आग्वा ज्वालामुखी आहेच. तो बरोबर दक्षिणेला आहे. तो समोर दिसला की तुमचं तोंड दक्षिणेला. पावसाळ्यात दुपारनंतर तो ढगांत जातो, तेव्हा मात्र ही खूण चालत नाही.

आता वेळ आणि जागा.

पश्चिमेकडचा आलामेदा दे सांता लुसिया हा मोठा रस्ता आणि त्यापलीकडचा बाजार व बसतळ ही खिसेकापूंची जागा. बाजारात जरूर जा, पण सकाळी जा आणि पिशवी पोटाशी धरा.

उत्तरेची सेर्रो दे ला क्रुस ही टेकडी, जिथून सगळं गाव आणि मागे आग्वा दिसतो, तिथल्या पायऱ्यांवर पूर्वी लूटमारीच्या घटना घडल्या आहेत. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात, माणसं असताना जा. सूर्योदयाचा फोटो काढायला एकटीने नको.

आग्वा ज्वालामुखीच्या वाटेवरही लुटीचा इतिहास आहे. सांता मारिया दे हेसुस गावातून स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नका.

रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मुख्य चौकाभोवती वर्दळ असते. त्यानंतर पाच मिनिटांचं अंतर असलं तरी गाडी बोलवा. उबर अँटिग्वात चालते. रस्त्यावरच्या टुकटुकला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवायचं. या टुकटुक म्हणजे पुण्याच्या बजाजच्याच रिक्षा आहेत, त्यामुळे आत बसल्यावर ओळखीचं वाटेल. पण रात्री नोंद राहणारी गाडीच बरी.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या दिवशी हमखास बाधते. दगडी रस्ते उंचसखल आहेत, फुटपाथ अरुंद आहेत आणि जुन्या घरांच्या खिडक्यांचे लोखंडी गज भिंतीबाहेर आलेले असतात. फोनमध्ये बघत चालणारीचं डोकं किंवा खांदा त्यावर आपटतो. चाकांची बॅग या दगडांवर टिकत नाही, पाठीवरची सॅक घ्या.

“भारतातून जायचं कसं? आणि विमान रात्री साडेदहाला उतरत असेल तर थेट अँटिग्वाला जावं का?” (नागपूर)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जाऊ नका. विमानतळ ग्वाटेमाला सिटीत आहे, अँटिग्वा तिथून साधारण ४० किलोमीटर. दिवसा वाहतूक असली तर दीड-दोन तासही लागतात. रात्री रस्ता मोकळा मिळतो, पण नवख्या बाईने एकटीने त्या वेळी तो प्रवास करावा असं आम्ही सांगणार नाही. विमानतळालगतच्या झोन १३ मध्ये लहान गेस्टहाउस आहेत. त्यातली बरीच न्यायला गाडी पाठवतात. रात्र तिथे काढा आणि सकाळी उजेडात शेअर शटलने निघा. शटल म्हणजे दहा-बारा आसनी गाडी, ती तुम्हाला खोलीच्या दारात सोडते. झोन १ हा जुना मध्यभाग स्वस्त मिळतो म्हणून पहिल्या रात्रीसाठी घेऊ नका.

विमानतळाच्या दाराबाहेर नातेवाईक आणि टॅक्सीवाल्यांची गर्दी एकदम अंगावर येते. म्हणून दार ओलांडण्याआधीच आतल्या वायफायवर गाडीवाल्याला निरोप पाठवा, गाडीचा नंबर मागून घ्या आणि मगच बाहेर पडा. आणायला आलेल्या माणसाला तुमचं नाव विचारू द्या. “तुम्हीच का अमुक?” असं तुम्ही त्याला विचारू नका, कारण त्यावर कुणीही हो म्हणेल.

मार्गाचं म्हणाल तर अमेरिकेतून जाणाऱ्या विमानांत नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिथल्या इमिग्रेशनमधून न जाता पुढे जायची सोय नाही. माद्रिदहून ग्वाटेमाला सिटीला थेट विमान आहे, आणि पनामा किंवा मेक्सिकोमार्गेही जाता येतं. भारतीय पासपोर्टला ग्वाटेमालाचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सवलत मिळत आली आहे. पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून नवी दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाकडून ई-मेलवर लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत हातात ठेवा. येताना-जाताना पनामात बाहेर पडून फिरणार असाल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचं कार्ड जवळ ठेवा. पनामा भारताच्या यादीत आहे आणि कार्ड नसेल तर परतल्यावर विमानतळावर विलगीकरणात ठेवतात.

शिक्का मारताना ९० दिवस मिळाले तर ते एकट्या ग्वाटेमालाचे नसतात. एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा मिळून चारही देशांचे ते ९० दिवस आहेत. शेजारी जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हा समज चुकीचा आहे.

“स्पॅनिश शाळेने कुटुंबात राहण्याची सोय देऊ केली आहे. हॉस्टेल बरं की कुटुंब? खोली निवडताना काय बघू?” (बेंगळुरू)

पहिल्या आठवड्यासाठी कुटुंब. अँटिग्वातल्या शाळांची पद्धत साधारण सारखी आहे: एका विद्यार्थिनीला एक शिक्षक, रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस. कुटुंबात तीन वेळचं जेवण सोमवार ते शनिवार मिळतं, रविवारी बहुधा नाही. रविवारची सोय शनिवारीच करून ठेवा. कुटुंबात राहिल्याचा मोठा फायदा असा की, तुम्ही रात्री वेळेवर आला नाहीत तर घरातल्या बाईच्या लक्षात येतं. हॉस्टेलमध्ये तुमच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

शाळेला आधीच विचारा: घरात इतर किती विद्यार्थी आहेत, त्यात पुरुष किती, खोलीला आतून कडी आहे का, बाहेरच्या दाराची किल्ली मिळते का, दार रात्री किती वाजता बंद होतं, आणि घर शाळेपासून किती चौक दूर आहे. “जवळच आहे” हे उत्तर पुरेसं नाही, चौक मोजून मागा. घर किंवा शिक्षक पटला नाही तर मंगळवारपर्यंत सांगा. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि बुधवारनंतर बदल करणं शाळेलाही जड जातं.

स्वतः खोली शोधत असाल तर जुन्या अँटिग्वाच्या घरांची बांधणी समजून घ्या. मधे अंगण, भोवती पडवी, पडवीत उघडणाऱ्या खोल्या आणि रस्त्याला एकच मोठं दार, म्हणजे आपल्या वाड्यासारखंच. यात अंगणातली खोली चांगली. फोटोत सगळ्यात देखणी दिसते ती गच्चीवरची खोली, ज्वालामुखी समोर असलेली. पण तिथल्या गच्च्या आणि कौलं एकमेकांना लागून असतात, शेजारच्या छपरावरून चालत येता येतं. गच्चीवरच राहायचं असेल तर दाराची आणि खिडकीची कडी स्वतः लावून बघा. रबराची दारपाचर सोबत न्या, शंभर ग्रॅमसुद्धा वजन नसतं तिचं.

अंघोळीच्या गरम पाण्यासाठी बहुतेक घरांत शॉवरच्या तोंडालाच विजेचा हीटर जोडलेला असतो, वायरी उघड्या दिसतात. पाणी चालू असताना त्या तोंडाला हात लावायचा नाही. पाणी थंड येतंय म्हणून नळ जास्त सोडला की ते आणखी थंड होतं. धार बारीक केली की गरम येतं. टॉयलेट पेपर आणि पॅड शेजारच्या टोपलीत टाकायचे, कमोडमध्ये नाही. तिथले पाइप अरुंद असतात आणि तुंबल्यावर यजमानीणबाईंची पंचाईत होते. नळाचं पाणी पिऊ नका, दातसुद्धा मोठ्या बाटलीतल्या पाण्याने घासा. वीज ११० ते १२० व्होल्ट आणि पिना चपट्या. मोबाइलचा चार्जर चालेल, भारतातली किटली किंवा हेअर ड्रायर धड तापणार नाही.

भाषेबद्दल एक सांगायलाच हवं, कारण यात भारतीय बायका नकळत फसतात. ग्वाटेमालात ‘इंदिया’ हा शब्द माया समाजातल्या बाईला हिणवायला वापरला गेला आहे. “सोय इंदिया” म्हणालात की ऐकणारा चपापतो. “सोय दे ला इंदिया” म्हणा, म्हणजे “मी भारत देशातली”. आणि तिथल्या मूळ रहिवाशांना ‘इंदीहेना’ किंवा ‘माया’ म्हणा. धर्म कोणताही असो, तुम्हाला मात्र ते ‘इंदू’ म्हणतील. भारतीय माणसासाठी त्यांच्याकडे तोच रूढ शब्द आहे, वाईट वाटून घेऊ नका. स्पॅनिशमधले त आणि द आपल्या जिभेवर तयारच असतात, त्यामुळे मराठी माणसाचे उच्चार पहिल्या आठवड्यातच बरे होतात.

कुणी वाक्याची सुरुवात “फिहेसे के...” अशी केली की सावध व्हा. शब्दशः अर्थ “बघा ना”, पण पुढे बहुधा नकार येतो: गाडी भरली, गरम पाणी गेलं, पैसे सुटे नाहीत. सरळ ‘नाही’ म्हणणं तिथे उद्धट मानतात.

“मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. महिनाभर निभेल का?” (सांगली)

निभेल, पण चार वाक्यं पाठ करावी लागतील. तिथल्या रोजच्या जेवणाचा पाया मका आणि काळा घेवडा आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, हातावर थापटून तव्यावर भाजलेली जाडसर तोर्तिया, घट्ट आटवलेला काळा घेवडा, तळलेलं पिकलं केळं, चीज आणि आवोकाडो, एवढं कुठेही मिळतं. आवोकाडो तर इतका की अँटिग्वाच्या लोकांना बाकीचे ‘पान्सास वेर्देस’, हिरव्या पोटाचे, म्हणतात. भाकरी खाणाऱ्याला ती तोर्तिया लगेच आवडते.

घोटाळा होतो तो न दिसणाऱ्या गोष्टींत. ‘कार्ने’ म्हणजे मांस खरं, पण बोलण्यात त्याचा अर्थ गोमांस असा घेतला जातो. “सिन कार्ने” सांगितलंत तर कोंबडी आणून ठेवतील, आणि मनापासून ठेवतील. म्हणून पूर्ण म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो. म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, अंडं नको. पुढचं महत्त्वाचं: सिन मांतेका, म्हणजे डुकराची चरबी नको. तामाल आणि चुचितो या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थांच्या पिठात ती मळलेली असते, घेवड्यातही घालतात. भात चिकनच्या पावडरीत शिजवलेला असू शकतो, त्यासाठी “सिन कोन्सोमे दे पोयो”. पेपियान ही भोपळ्याच्या बिया आणि तीळ भाजून केलेली दाट आमटी चवीला आपल्या वाटणाच्या जवळची आहे, पण तिचा रस कोंबडीच्या पाण्यात शिजतो. भाज्यांचं पेपियान करणारी उपाहारगृहं अँटिग्वात आहेत, तिथेच घ्या. गोड हवं असेल तर रेयेनितो: केळ्याच्या लगद्यात गोड घेवड्याचं पुरण भरून तळलेला.

कुटुंबात राहणार असाल तर ही यादी शाळेमार्फत लिहून आधी पाठवा. दारात पोचल्यावर सांगितलं तर यजमानीण ओशाळते, तिने पहिल्या रात्रीसाठी कोंबडी करून ठेवलेली असते. मसाल्याची आठवण आली तर बाजारात ‘चिले कोबानेरो’ मागा, धुरावलेल्या लाल मिरचीची पूड. चिमूटभर पुरते.

“सह्याद्रीत सात-आठ वर्षं ट्रेक करते आहे. आकातेनांगो ज्वालामुखीवर रात्रीचा मुक्काम करायचा आहे. कळसूबाई करणारीला जमेल ना?” (नाशिक)

पाय जमवतील. उंची आणि थंडी यांची तयारी मात्र सह्याद्रीत होत नाही.

आकडे शेजारी ठेवून बघा. कळसूबाई १,६४६ मीटर. अँटिग्वा गावच साधारण १,५३० मीटरवर आहे. ला सोलेदाद हे चढाईचं गाव सुमारे २,४०० वर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेसातशे मीटर उंच. तिथून मुक्कामाचा तळ सुमारे ३,६०० वर आणि आकातेनांगोचा माथा ३,९७६. तळावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी चढायला निघालेल्या माणसाचं डोकं तिथे ठणकणारच. अँटिग्वात निदान तीन रात्री काढा. शक्य असेल तर २,३३० मीटरवरच्या केत्साल्तेनांगो शहरात दोन रात्री राहून या. चढताना डोकं दुखत असेल आणि मळमळही सुरू झाली तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. डोकेदुखीची गोळी घेऊन पुढे जाणं हीच नेहमीची चूक. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून.

चढाई चार ते सहा तासांची. सुरुवातीचा शेतांमधला टप्पा बहुतेकांना सर्वांत कठीण जातो, कारण पायाखाली भुसभुशीत ज्वालामुखी वाळू असते. दोन पावलं वर टाकली की एक मागे घसरते. काठी तिथेच भाड्याने मिळते, घ्या. पाणी चार लिटर, त्यातलं काही स्वयंपाकासाठी द्यावं लागतं. वर झरा नाही. ओझं जड वाटलं तर ला सोलेदादमध्ये हमाल मिळतात. त्यात कमीपणा काही नाही, त्या गावाचं उत्पन्न त्यावर आहे.

थंडी हा खरा शत्रू. जानेवारी २०१७ मध्ये आकातेनांगोवर सहा गिर्यारोहक गारठून मरण पावले. रात्री तापमान शून्याजवळ किंवा खाली जातं आणि वारा त्याहून घातक. चढताना घामाने भिजलेला सुती कपडा अंगावर राहिला की तासाभरात अंगातली ऊब जाते. तळावर पोचल्यावर आधी कपडे बदला, अगदी मोज्यांपर्यंत, मग फोटो काढा. कोरड्या कपड्यांचा जोड, लोकरीची टोपी, हातमोजे, वारा अडवणारं जाकीट आणि डोक्याला बांधायची बॅटरी, हे सगळं अँटिग्वात भाड्याने मिळतं. पण निघायच्या आदल्या दिवशी जाऊन चेन आणि बॅटरी तपासा. सकाळी सहाच्या घाईत हाती पडतं ते आणि तेवढंच.

बाई म्हणून आयोजकाला हे विचारा: किती माणसांमागे किती वाटाडे? मागे पडणाऱ्याबरोबर एक वाटाड्या थांबतो का? झोपायची पिशवी माझी एकटीची का? तंबूत किंवा लाकडी खोलीत माझ्या शेजारी कोण असेल, आणि बायकांसाठी वेगळी सोय आहे का? वाटाड्याकडे इंगुआतचं, म्हणजे सरकारी पर्यटन संस्थेचं, ओळखपत्र आहे का? या प्रश्नांना लेखी उत्तर न देणाऱ्याकडे पैसे भरू नका. पाळी येणार असेल तर काळ्या झिपच्या पिशव्या घ्या. तळावर खड्ड्याचे संडास असतात, कचरा सोबत खाली आणायचा.

समोरचा फुएगो ज्वालामुखी जागृत आहे आणि त्याला पाहायलाच सगळे वर जातात. ३ जून २०१८ च्या त्याच्या उद्रेकात शेकडो माणसं गेली, खालचं लोस लोतेस गाव राखेखाली गाडलं गेलं. तळापासून फुएगोच्या सोंडेपर्यंत जाण्याची वेगळी सहल विकतात. ती आधी खोल उतरते आणि मग चढते, म्हणजे परतताना थकलेल्या पायांनी अंधारात पुन्हा चढ. आमचं मत विचाराल तर पहिल्या खेपेला तळावरूनच पाहावं. रात्री तिथूनही लाल दगड उडताना स्पष्ट दिसतात. निघण्याच्या सकाळी इन्सिवुमेह आणि कोनरेद या दोन सरकारी संस्थांची सूचना बघा, आणि चढाई रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, हे आधीच लिहून घ्या.

शेवटचं, विमा. बऱ्याच प्रवास विम्यांत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते. ती ३,००० मीटर असेल तर आकातेनांगोवर तुम्ही विम्याशिवाय आहात. पॉलिसीतलं ते कलम शोधून आकडा वाचा.

“पैसे कसे न्यावेत?” (ठाणे)

चलन केत्साल, डॉलरला साधारण साडेसात ते पावणेआठ. रुपये तिथे कुणी घेत नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या, परदेशी वापर ॲपमधून सुरू करून ठेवा, आणि भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. ओटीपी न आल्यामुळे शटलचं तिकीटही काढता येत नाही. एटीएम बँकेच्या इमारतीतलं वापरा, दिवसा. रस्त्यावरच्या यंत्रांतून कार्डाची नक्कल होण्याचे प्रकार अँटिग्वात झाले आहेत. सोबत शंभर-दोनशे डॉलर रोख ठेवा, पण नोटा कोऱ्या करकरीत. कडेला मिलिमीटरभर फाटलेली नोटही बँक परत करते.

“रस्त्यावर छेडछाड होते का? आणि काही वाईट घडलंच तर पहिल्या तासात काय करायचं?” (मुंबई)

शेरे मारतात. ‘मी आमोर’ (माझ्या प्रिये), ‘रेइना’ (राणी), शिट्ट्या. उत्तर न देता चालत राहिलं की बहुतेक वेळा तिथेच संपतं. मागे येत असेल तर दुकानात शिरा आणि मोठ्याने म्हणा, “नो मे मोलेस्ते”, मला त्रास देऊ नका. बोलताना ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, वापरा, जवळिकीचं ‘वोस’ किंवा ‘तू’ नाही. ‘उस्तेद’ने अंतर राहतं. सावळ्या रंगामुळे तुम्हाला बऱ्याचदा स्थानिकच समजतील, हा गर्दीत फायदा आहे.

जास्त काळजी ओळखीच्या माणसांबाबत घ्या. हॉस्टेलच्या गच्चीवर तासाभरापूर्वी भेटलेला प्रवासी, भारतीय असला तरी, अनोळखीच असतो. खोलीचा नंबर आणि एकटी आहे हे सांगू नका. पेला नजरेआड झाला तर तो सोडून द्या. दोन घोटांतच डोकं जड झालं तर बाहेर एकटीने जाऊ नका, काउंटरमागच्या बाईला सांगा.

घडलंच तर क्रमांक पाठ असावेत: पर्यटकांची मदत १५००, पोलीस ११०, अग्निशमन दलाची रुग्णवाहिका १२२ किंवा १२३. १५०० वर प्रोआतूर ही पर्यटकांची मदतसेवा उत्तर देते आणि तक्रार नोंदवायला सोबत करते. लैंगिक हल्ला झाला असेल तर अंघोळ न करता, कपडे कागदी पिशवीत ठेवून, आधी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाचा पहिला डोस ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितका बरा. गर्भधारणा टाळायची गोळी औषधाच्या दुकानात मिळते, तीही लवकर घ्यावी. पोलीस तक्रार नंतर करता येते, औषधाला उशीर चालत नाही. पासपोर्ट गेला तर पोलिसांकडची लेखी तक्रार, ‘देनुन्सिया’, घेऊन ग्वाटेमाला सिटीतल्या भारतीय दूतावासात जा. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन फोटो वेगळ्या पिशवीत असले तर काम फार लवकर होतं.

खेड्यांत जाल तेव्हा मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, मुलांना उचलू नका, खाऊ देऊ नका. मुलं पळवण्याच्या अफवा तिथे जीवघेण्या ठरल्या आहेत. एप्रिल २००० मध्ये तोदोस सांतोस कुचुमातान गावात अशाच अफवेतून जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि बसचालकाला ठार केलं.

“रंगीत कामिओनेता बसने फिरावं का? आतित्लान सरोवराला कसं जाऊ?” (पणजी)

अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या बस रंगवून कामिओनेता होतात. अँटिग्वाहून सिउदाद विएहा किंवा सान हुआन देल ओबिस्पोपर्यंत, दिवसा, सुटे पैसे घेऊन जरूर बसा. पिशवी वरच्या फळीवर नको, मांडीवर. ग्वाटेमाला सिटीच्या बसमध्ये मात्र नको, त्या मार्गांवर लूट आणि खंडणीसाठी गोळीबार झाले आहेत. आतित्लानकाठच्या पानाहाचेलला सकाळचं शटल घ्या, अडीच-तीन तास. दुपारी दोननंतर निघणारं शटल पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, टाळा. पाऊस दुपारीच येतो, दरड कोसळली की अंधार रस्त्यावरच पडतो. पात्सुन आणि गोदीनेसमधून जाणारा जवळचा रस्ता लुटीसाठी कुप्रसिद्ध आहे. कोणत्या रस्त्याने नेणार, हे तिकीट काढताना विचारा.

“मुलगी पवित्र आठवड्यात तिथे असेल. आम्ही घरी काळजीत. रोज फोन कर म्हटलं तर चिडते. काय करावं?” (कोल्हापूर, एका वडिलांचं पत्र)

ईस्टरच्या आधीच्या त्या आठवड्यात अँटिग्वात रस्त्यांवर रंगीत भुशाचे गालिचे घालतात, तासन् तास बसून, आपल्या रांगोळीसारखेच. मग मिरवणूक त्यांच्यावरून चालत जाते. गर्दी प्रचंड, खिसेकापू भरपूर, आणि मुख्य रस्ते गाड्यांना बंद. शटल दारापर्यंत येणार नाही, तेव्हा कोणत्या कोपऱ्यावर उतरायचं ते मुलीने आधी ठरवावं. खोली काही महिने आधी घेतलेली असावी. गर्दीत फोनला नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे त्या दिवसांत दोन-चार तास उत्तर आलं नाही तर ते साहजिक धरा.

दिवसभर फोन करण्यापेक्षा एकच वेळ ठरवा. भारत ग्वाटेमालाच्या साडेअकरा तास पुढे आहे आणि तिथे घड्याळं उन्हाळा-हिवाळ्यात बदलत नाहीत. तिचे रात्रीचे आठ म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. खोलीवर पोचल्यावर तिने एक शब्द पाठवायचा, तुम्ही चहा घेताना तो वाचायचा. तुमच्या सकाळच्या साडेदहापर्यंत आला नाही तर आधी तिला फोन, मग घरमालकिणीला, मग शाळेला, आणि या तिघांकडून काही कळलं नाही तर १५०० आणि भारतीय दूतावास. भारतातून लावताना १५०० हा छोटा क्रमांक लागत नाही, म्हणून घरमालकिणीचा आणि शाळेचा पूर्ण क्रमांक, देशाच्या ५०२ या कोडसकट, निघण्याआधी कागदावर लिहून तिच्याकडून घ्या. आकातेनांगोच्या रात्री निरोप येणार नाही. ती तारीख आणि आयोजकाचा क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवा.